मामा तलावांचे नकाशे कापडावर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नागपुरातला एक लहान अभ्यासगट भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या माजी मालगुजारी तलावांची पाहणी करतो. बोलण्यात सगळे त्यांना मामा तलावच म्हणतात. गोंड राजवटीपासून कोहळी समाजानं बांधलेले हे हजारो तलाव पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात राहिले. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना १९५० साली मालगुजारी संपवणारा कायदा झाला आणि तलाव सरकारकडे आले. आज त्यातले कित्येक गाळानं भरले आहेत, काहींच्या पोटात शेती होते. कुठला तलाव कुठल्या तलावात सांडायचा, नहर (कालवा) कुठून निघायची, हे समजून घ्यायला जुना नकाशा लागतो, कारण जमिनीवरच्या खुणा पुसट झाल्या आहेत.

गटाकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटांचा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशांचा, संच आहे. काही शीट एक इंचाला एक मैल या जुन्या प्रमाणावरच्या (१:६३,३६०), बाकीच्या १:५०,००० च्या. भंडारा शहर ५५ ओ/१२ वर येतं, साकोली ५५ ओ/१६ वर, पवनी ५५ पी/९ वर. ८० अंश रेखांश ओलांडला की क्रमांक बदलतो आणि ६४ सी, ६४ डी सुरू होतात. गोंदियाकडचं काम त्या शीटांवर चालतं.

संचाचा मोठा भाग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसीअरांनी दिला होता. त्यांच्या शीटांवर छापील मजकुराइतकंच महत्त्व त्यांच्या हातच्या नोंदींना आहे: तलावाचं गावातलं नाव, पाळ (बांध) कुठे खचली, सलंग (सांडवा) कधी दुरुस्त झाली, कुठलं तुडुम (पाणी सोडायचं दार) कायमचं बुजवलं. हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. नोंदी करणारे गृहस्थ आज हयात नाहीत.

(माणसं आणि गट ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. माझा या कामातला वाटा कागद-जतनाच्या सल्ल्यापुरता होता.)

अडचण

शीट घडी करून पिशवीत, पिशवीतून पाळीवर, पाळीवरून चावडीत, असा प्रवास वर्षानुवर्षं झाला. घडी पडते तिथे कागदाचे तंतू मोडतात. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आधी भोक पडतं आणि मग ते वाढतं. नागपूरची हवा त्यात भर घालते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो आणि हवेतला ओलावा इतका कमी होतो की जुना कागद घडीवर तडकतो. जुलैत तोच कागद ओलावा पिऊन फुगतो. हे चक्र दरवर्षी.

फाटलेल्या घड्यांवर कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. ती पिवळी पडली, तिचा डिंक कागदात झिरपला आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना तेलकट डाग पसरले. एका शीटवर एका गावाचं नाव नेमकं छेदाच्या भोकात गेलं होतं. त्या गावात दोन तलाव आहेत. कुठल्या तलावाबद्दल नोंद आहे, यावरून गटात वाद झाला आणि त्यातूनच हा विषय पुढे आला.

संचातलीच एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. एक जुनी शीट छापल्यानंतर लगेचच कापून, आयताकृती तुकडे करून, तुकड्यांमध्ये बारीक फट ठेवून कापडावर चिकटवलेली होती. सर्वेक्षणासाठी आणि प्रवासासाठी नकाशे असे करून घ्यायची इंग्रजी अमदानीतली सर्रास पद्धत होती. घडी कागदावर न पडता फटीतल्या कापडावर पडते. ही शीट संचातली सर्वात जुनी, आणि घड्यांवर एकही भोक नाही. मग बाकीच्याही अशाच करू, असं ठरत आलं होतं.

कोणते पर्याय समोर होते

प्लास्टिक लॅमिनेशन सगळ्यांत सोपं. नागपूरच्या बर्डी बाजारात अर्ध्या तासात करून मिळतं. पण उष्णतेनं वितळवलेला तो थर कागदातून पुन्हा काढता येत नाही, घडी घातली की प्लास्टिकला पांढरी चीर पडते, वर पेन्सिल चालत नाही, आणि उन्हात पाळीवर उभं राहून बघितलं तर चकाकीमुळे समोच्च रेषा दिसत नाहीत. मूळ शीटांसाठी तर हा विचारही नको.

फ्लेक्सवर किंवा सॅटिनच्या कापडावर थेट छापणं स्वस्त होतं. नमुना करून पाहिला. तपकिरी समोच्च रेषा केसाएवढ्या बारीक असतात. कापडावर त्या पसरून एकमेकींत मिसळल्या आणि तलावांची अक्षरं वाचता येईनात. भिंतीवर लावायला ठीक, मोजायला नाही.

फक्त मोबाइलवर काम करावं, असंही एका तरुण सभासदाचं मत होतं. सर्वेक्षण विभागाच्या नव्या शीटांच्या पीडीएफ मिळतात आणि त्या फोनवर उघडतात, हे खरंच आहे. पण चावडीत दहा माणसं नकाशाभोवती बसतात, त्यातली आजीबाई बोट ठेवून "हा नाही, हा वरचा" असं म्हणते, ते फोनवर होत नाही. माझ्या मते कागदी नकाशाच्या बाजूचा सगळ्यांत मोठा मुद्दा हाच होता, आणि टिकाऊपणाचा सगळा खटाटोप त्या बोटासाठीच करायचा होता.

राहिला कापडाचा पर्याय.

पहिला निर्णय: कुठला नकाशा कशासाठी

गटाच्या समन्वयक ताईंना सगळाच संच कापडावर हवा होता. नागपूरच्या महाल भागातले बाइंडरकाका, ज्यांच्याकडे काम जाणार होतं, त्यांनीच हात आखडता घेतला. ते म्हणाले, "ताई, चढवून देतो मी. पण जे चढवलं ते कधी ना कधी उतरवावं लागते. तेव्हा ह्या पेन्सिलीचं काय करून राहिले तुम्ही?"

त्या प्रश्नानं चर्चेची दिशाच बदलली. तोवर सगळे "कुठलं कापड, कुठला डिंक" यावर बोलत होते. आता संचाची विभागणी झाली. ज्या शीटांवर ओव्हरसीअरांच्या नोंदी आहेत त्या जपायच्या; त्यांना गावात न्यायचं नाही. गावात न्यायला प्रती काढायच्या आणि कापड त्या प्रतींना लावायचं. नोंदी नसलेल्या छापील शीट, ज्यांची दुसरी प्रत मिळू शकते, त्याही वापराच्या गटात टाकल्या.

काम सुरू होण्याआधी सगळ्या शीटांची प्रतिमा घ्यायची ठरली. आर्किटेक्ट मंडळी वापरतात तो मोठा स्कॅनर रुळांवर चालतो. कागद रुळांत ओढला जातो. फाटक्या घडीची शीट त्यात गेली तर तुकडे होऊन बाहेर येते. म्हणून नाजूक शीट सपाट ठेवून, वरून समान उजेडात, कोपऱ्याकोपऱ्याची छायाचित्रं घेतली आणि मग ती जोडली. धडधाकट शीट तेवढ्या स्कॅनरमध्ये गेल्या.

दुसरा निर्णय: पाणी चालेल का

कापडावर चढवायची जुनी पद्धत ओली आहे. कागद भिजवून सैल करतात, खळ लावतात, ओल्या कापडावर बसवतात. त्यामुळे पाण्यानं काय काय विरघळतं हे आधी बघावं लागतं. कोपऱ्यातल्या बिनमहत्त्वाच्या खुणेवर पाण्याचा थेंब, मग टीपकागद दाबायचा आणि रंग उतरतो का पाहायचं.

सर्वेक्षण विभागाची छपाईची शाई तेलकट, ती हलली नाही. साधी शिशाची पेन्सिलही टिकली. पण एका शीटवरच्या काही नोंदी दिसायला पेन्सिलीच्याच, आणि टीपकागदावर मात्र जांभळा ठिपका उमटला. ही कॉपिंग पेन्सिल. जुन्या कचेऱ्यांत ती सर्रास असायची. तिच्यात ॲनिलिनचा रंग असतो, कोरडी असताना राखाडी दिसते आणि ओल लागताच जांभळी होऊन पसरते. ही शीट खळीत गेली असती तर सगळ्या नोंदींचे जांभळे डाग झाले असते. तिला पाण्यापासून लांब ठेवायचं, हा निर्णय तिथल्या तिथे झाला.

प्रतींच्या बाबतीतही हीच परीक्षा कामी आली. प्लॉटरवर (मोठे नकाशे छापायच्या यंत्रावर) काढलेल्या पहिल्या प्रतीतला निळा रंग, म्हणजे नेमके तलाव आणि नाले, ओल लागताच फुटला. काही प्लॉटरांत रंगीत शाई पाण्यात विरघळणारी असते. मग प्रती पाण्यात न विरघळणाऱ्या, रंगद्रव्याच्या शाईच्या यंत्रावर पुन्हा काढल्या.

तिसरा निर्णय: कापड आणि खळ

कापड गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलं. मलमल हाताला छान लागते आणि नकाशा पातळ राहतो, पण वापराच्या प्रतींना ती कमी पडली असती. मांजरपाट घेतलं, साधी विण, मध्यम जाडी, गाठी नसलेलं. नव्या कापडात गिरणीची खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटतं. नकाशा चिकटवल्यावर आटलं तर कागद सुरकुततो. म्हणून गरम पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच वापरलं. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड नको म्हटलं, कारण त्यात खळ नीट मुरत नाही.

पांढरा सिंथेटिक डिंक बाटलीतून मिळतो आणि पक्का बसतो. पक्का बसणं हाच त्याचा दोष. वाळल्यावर तो पाण्यानं सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ कितीही वर्षांनी ओल देऊन सोडवता येते. मैदा थेट शिजवला तर त्यातला चिकट प्रथिनांचा भाग पुढे पिवळा पडतो आणि किड्यांना आवडतो, म्हणून मैद्याचा गोळा पाण्यात मळून सत्त्व धुऊन घेतलं, रात्रभर निवळू दिलं, वरचं पाणी ओतून टाकलं. एक भाग सत्त्व, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास. गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढायची आणि पातळ कढीइतकी सैल करायची.

इथे बाइंडरकाकांशी खरा मतभेद झाला. ते खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, त्यांच्या वडिलांपासून घालत आले. मोरचुदानं झुरळं आणि कसर लांब राहते, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण मोरचूद आम्लधर्मी, आणि त्यातलं तांबं कागदाच्या तंतूंची झीज वाढवतं. वहीच्या पुठ्ठ्याला ते चालून जातं, नकाशाला नाही. काका सहजी तयार झाले नाहीत आणि त्यांनी घातलेली अट योग्य होती: मोरचूद नसेल तर कपाट भिंतीपासून सुटं ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला प्रत्येक शीट बाहेर काढून बघा. गटानं ते लिहून दिलं.

चौथा निर्णय: कापायचं की अखंड ठेवायचं

तुकडे करून फट ठेवली की घडी कागदाला लागत नाही, पण मोजणी बिघडते. फट तीन मिलिमीटरची धरली तर १:५०,००० वर ती जमिनीवरचे दीडशे मीटर होतात. कर्कटक फटीवरून गेलं की तेवढं अंतर खोटं वाढतं. गटातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना हे मान्य नव्हतं. तलावापासून शेतापर्यंतची नहर मोजताना दीडशे मीटर म्हणजे दुसऱ्याच माणसाचं शेत.

तोडगा निघाला तो असा. प्रत्येक शीटच्या दोन प्रती. एक कापून चढवलेली, फिरतीसाठी. कापायच्या रेघा शक्यतो अक्षांश-रेखांशांच्या रेषांवर आणि मागे कापडावर "जोडावर ३ मिमी वजा करा" असं लिहिलेलं. दुसरी अखंड चढवलेली, नळीत गुंडाळून ठेवायची, मोजणी तिच्यावर. दुप्पट काम झालं, आणि ते झालं याचं मला समाधान आहे.

प्रत्यक्ष काम

लाकडी फळीवर सनमायका, त्यावर ओलं कापड ताणून कडांना खळीनं चिकटवलेलं. नकाशा पालथा प्लास्टिकच्या कागदावर, मागून पाण्याचा फवारा, सैल होईपर्यंत थांबायचं. मग मागच्या बाजूला खळ, प्लास्टिकसकट उचलून कापडावर सुलटा ठेवायचा, प्लास्टिक सोलायचं, वर टीपकागद ठेवून मधून कडांकडे रूळ फिरवायचा. बुडबुडा राहिला तर तिथेच कडेपर्यंत ढकलायचा. वाळल्यावर तो निघत नाही.

कागद भिजला की रुंदावतो, आणि यंत्रावर बनलेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त रुंदावतो. ताणलेल्या स्थितीत वाळला तर त्यातलं थोडं रुंदावणं तसंच राहतं. शीटची उंची म्हणजे १५ कलांचा (मिनिटांचा) अक्षांश; या भागात १:५०,००० वर तो सुमारे ५५.४ सेंमी भरतो. त्यात अर्धा टक्का जरी ताण राहिला तरी पावणेतीन मिलिमीटर, जमिनीवर जवळजवळ १४० मीटर. म्हणून प्रत्येक अखंड प्रतीच्या चारही बाजूंच्या रेघा आधी आणि वाळल्यावर मोजून मागे लिहिल्या. एका प्रतीत आडवी रेघ दोन मिलिमीटरनं वाढलेली निघाली. तिच्यावर तसा आकडा आहे. मोजणारा त्याप्रमाणे दुरुस्ती करतो.

काम मे महिन्यात घेतलं, कारण फिरती बंद असते आणि सगळे मोकळे असतात. हवा त्याला अनुकूल नव्हती. खळ ब्रशखालीच सुकायला लागली, आणि पहिल्या काही प्रती इतक्या लवकर वाळल्या की कडा फळीवरून सुटून कापडासकट वर वळल्या. मग खोलीच्या खिडक्या बंद केल्या, कूलर शेजारच्या खोलीत चालू ठेवून दार उघडं ठेवलं, वाऱ्याचा झोत फळीवर येऊ दिला नाही आणि पहिले काही तास वरून प्लास्टिक पांघरलं. संथ वाळलेल्या प्रती सपाट निघाल्या.

मूळ शीटांचं वेगळं झालं. फाटलेल्या दोन शीटांना, ज्यांच्या नोंदी पाण्यात टिकतात, मागून फक्त जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ पण मजबूत कागद, त्याच खळीनं लावला. त्यांना घडी घालायचीच नसेल तर कापडाची ताकद त्यांच्या कामाची नाही. जांभळ्या पेन्सिलीची शीट पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवली.

पुढे काय झालं

पावसाळ्यानंतरच्या फिरतीत प्रती वापरात आल्या. कापलेल्या प्रती शेकडो वेळा उघडल्या-मिटल्या गेल्या आणि घड्यांवर एकही भोक पडलं नाही. चावडीत नकाशा सतरंजीवर पसरता येतो, चार बाजूंनी ओढला तरी फाटत नाही. नव्या नोंदी साध्या पेन्सिलीनं होतात.

कापडानं जे दिलं नाही तेही दिसलं. कापड मागून आधार देतं, समोरची बाजू उघडीच राहते. वारंवार बोट ठेवलं जातं तिथे छपाई घासली गेली आहे, आणि ती ठिकाणं नेमकी मोठ्या तलावांची आहेत. एक प्रत अवकाळी पावसात भिजली आणि तिचा एक कोपरा कापडावरून सुटला. खळ पाण्यानं सुटते म्हणूनच ती निवडली होती, तेव्हा हे होणारच होतं. काकांनी तो कोपरा पुन्हा बसवून दिला. सिंथेटिक डिंक असता तर कोपरा कदाचित सुटला नसता, पण फाटला असता तेव्हा नीटही करता आला नसता. आता फिरतीच्या प्रती जलरोधक पाकिटातून जातात.

पावसाळ्यातली महिन्याची तपासणी पहिल्या वर्षी नियमित झाली. एका महिन्यात दोन प्रतींच्या कडांना कसर लागायला सुरुवात झालेली सापडली आणि तिथेच थांबवता आली. मोरचुदाची जागा माणसाच्या लक्षानं घ्यायची असेल तर ते लक्ष दरवर्षी द्यावं लागेल. यासाठी गटानं नावानिशी पाळी लावली आहे.

पुन्हा करायचं तर

काम मेऐवजी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात घ्यावं. तेव्हा हवेत ओल माफक असते, खळ शांतपणे वाळते, बुरशीचीही भीती उरत नाही. फिरती पंधरा दिवस उशिरा सुरू झाली तरी चालेल. तलाव तेव्हा भरलेलेच असतात आणि पोटातल्या खुणा तशाही पाण्याखाली असतात.

प्रतींच्या समोरच्या बाजूला मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात विरघळणाऱ्या सौम्य डिंकाचा) एक पातळ हात देऊन बघण्यासारखा आहे. त्यावर पेन्सिल चालते, आणि घासणं थोडं कमी होईल. मात्र आधी एका कोपऱ्यात करून बघावं, छपाईवर चकाकी येते का ते पाहावं.

घड्यांवरच्या जुन्या चिकटपट्ट्यांचा प्रश्न तसाच आहे. त्यांचा झिरपलेला डिंक काढायला द्रावक लागतात, आणि ते काम प्रशिक्षित संवर्धकाच्या हातूनच व्हायला हवं. बाइंडरकाकांनी आणि मी दोघांनीही त्याला हात लावला नाही. त्या शीटांना सध्या टिश्यूही लावलेला नाही, कारण आधी पट्टी निघायला हवी. पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून आधी हा खर्च बाजूला काढायचा, असं गटाच्या बैठकीत ठरलं आहे, आणि त्यात जांभळ्या पेन्सिलीच्या शीटवरची पट्टी पहिली.